शरदातील पाहुणचाराचे तबक

दुधाचा पदार्थ आणि फळे एकाच तबकात मांडून पाहुण्यांपुढे ठेवण्याची रीत आपल्याला परकी वाटते, पण तिच्यातील दोन्ही घटक आपल्या शरद ऋतूच्या ओळखीचे आहेत. शरद पौर्णिमेच्या रात्री उत्तर भारतात चांदण्यात खीर ठेवतात, महाराष्ट्रात त्याच रात्री कोजागरीचे आटीव केशरी दूध होते. दिवाळीच्या पूजेत शिंगाडे, सीताफळे व ऊस यांना स्थान असते. परका आहे तो फक्त एक पदार्थ, आणि तो म्हणजे चीज. हा पदार्थ आपल्या सणाच्या तबकात आणावयाचा झाल्यास यजमानाला कोणत्या गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी जयपूर शहरातील सिव्हिल लाइन्स हा भाग घेतला आहे, कारण या प्रश्नाचे सर्व पैलू तेथे एकत्र सापडतात.

जयपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविलेले, तटाच्या आतील शहर. सिव्हिल लाइन्स तटाबाहेर, पश्चिमेकडे, अजमेर रस्त्याच्या बाजूस आहे. येथे पुढे राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आले आणि त्यांच्या भोवती अधिकाऱ्यांचे बंगले व बागा झाल्या. जवळचाच राजमहाल १७२९ साली बांधला गेला व १८२१ पासून ब्रिटिश रेसिडेन्सी म्हणून वापरला गेला. अशा वस्तीत दोन प्रकारची पंगत शेजारी शेजारी नांदते. एकीकडे साहेबी टेबलावरून आलेली चीज, बिस्किटे व फळे यांची बशी, तर दुसरीकडे जुन्या शहरातील वैष्णव आणि जैन घरांचा शुद्धाशुद्धतेचा काटेकोर विचार. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्याकडील पाडव्याला, राजस्थानात घरोघरी जाऊन ‘राम राम’ करण्याची प्रथा आहे. त्याच दिवशी मंदिरांतून अन्नकूट होतो व बाजरी, मूग, कढी आणि मिश्र भाजी यांचा प्रसाद वाटला जातो. दिवसभर पाहुणे येत राहतात. सकाळी आलेला पाहुणा जुन्या शहरातील जैन जवाहिऱ्या असेल, दुपारी आलेला बंगाली वा मराठी अधिकारी असेल, आणि दोघांपुढे तेच तबक जाणार असते.

अडचण उद्भवते ती याच ठिकाणी. लाडू किंवा मठरी पाहून पाहुण्याला ती कशाची आहे हे समजते. चीजच्या तुकड्याकडे पाहून मात्र ते समजत नाही. मांसाहार न करणारा मनुष्य दुधाचा पदार्थ म्हणून तो निःशंकपणे उचलतो, आणि त्याच्या या विश्वासाची सर्व जबाबदारी यजमानावर येते.

चीज बनविताना दूध दोन प्रकारांनी साकळता येते. एक प्रकार आम्लाचा. तापविलेल्या दुधात लिंबाचा रस, ताकाची निवळ किंवा सायट्रिक आम्ल घातले की दूध फाटते. आपले पनीर आणि छेना याच मार्गाने होतात. दुसरा प्रकार रेनेटचा. दुधावर असलेल्या वासराच्या जठरात कायमोसिन नावाचे विकर असते. ते दुधातील केसिन या प्रथिनाचा नेमका एक दुवा तोडते आणि दूध आंबट न होता मऊ जेलीसारखे घट्ट बसते. युरोपातील जवळजवळ सर्व मुरविलेली चीजे परंपरेने या द्रव्यानेच होत आली, आणि ते वासराला मारल्यावाचून मिळत नसे. इटलीतील पार्मिजानो रेजानो या प्रसिद्ध चीजच्या नियमांत आजही वासराचेच रेनेट बंधनकारक आहे. शाकाहारी पाहुण्यांच्या तबकात म्हणून त्याला स्थान नाही, मग ते कितीही उंची असो.

सुदैवाने पर्याय आहेत. काही बुरशींपासून दूध साकळणारे विकर मिळते. तसेच वासराच्या विकराची जनुकीय सूचना सूक्ष्मजीवांत घालून त्यांच्याकडून कायमोसिन तयार करविण्याची पद्धत निघाली व १९९० साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. भारतातील कारखान्यांच्या चीजवर बहुधा ‘सूक्ष्मजीवजन्य रेनेट’ असा उल्लेख आणि चौकटीतील हिरवे वर्तुळ आढळते. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. हे चिन्ह पाहून घेण्यास क्षणाचाही वेळ लागत नाही. परंतु दुकानात मोठ्या चक्रातून कापून, साध्या कागदात गुंडाळून दिलेल्या तुकड्यावर कोणतेही चिन्ह नसते. मूळ वेष्टण दाखविता येत नसेल तर तो तुकडा घेऊ नये, हे उत्तम.

येथे राजस्थानशी संबंध असलेली एक वनस्पती आठवते. अश्वगंधेच्या कुळातील, वायव्य भारताच्या कोरड्या मुलखात, सिंध व पंजाबात वाढणारे एक करडे झुडूप आहे. शास्त्रीय नाव विथानिया कोॲग्युलन्स. लोक त्याच्या फळांना पनीर डोडी किंवा पनीरबंद म्हणतात, आणि नावाप्रमाणेच ती फळे दूध साकळविण्यासाठी वापरली जात. वासराचे रेनेट भारतीयांना चालणार नाही हे इंग्रजांच्याही ध्यानात आले होते. त्यामुळे १८८० च्या दशकात केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिडन ली यांनी या झुडपाच्या बियांतील विकराचा अभ्यास केला व ते रेनेटसारखेच कार्य करते असे दाखविले. कारखान्यांत ते रुजले नाही. मुरत ठेवलेल्या चीजमध्ये त्याच्यामुळे कडवटपणा येतो, ही एक मोठी अडचण. तरीही ज्या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांनी उत्तर शोधले, त्याचे एक ओबडधोबड उत्तर मरुभूमीच्या कडेला उगवत होते, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

रेनेटचा प्रश्न सुटला म्हणजे सर्व सुटले असे मात्र नव्हे. काटेकोर जैन आचारात मध वर्ज्य आहे, अंजीर वर्ज्य आहे आणि रात्र उलटलेले पुष्कळसे पदार्थही वर्ज्य आहेत. महिनोन्‌महिने मुरविलेले चीज, मग त्याचे रेनेट कोणतेही असो, अशा पाहुण्याला चालणार नाही. दिवाळी चातुर्मासातच येते आणि या काळात नियम अधिक कडक पाळले जातात. पुष्कळ जण सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. दिवाळीच्या सुमारास जयपुरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. तेव्हा सायंकाळी सात वाजताचे निमंत्रण देऊन सुंदर तबक पुढे ठेवले, तरी अशा पाहुण्याच्या वाट्याला फक्त ते पाहण्याचे सुख येते. त्याला चार वाजता बोलवावे आणि त्याच दिवशी केलेले पनीर व त्याच्यासमोर कापलेले फळ द्यावे. इंग्रजी पाकपुस्तकांत चीजच्या तबकात मध आणि अंजीर हवेच असे सांगितलेले असते. या गावी नेमक्या त्याच दोन वस्तू वेगळ्या वाटीत, बाजूला ठेवाव्या लागतात.

आता चीजची निवड. ती परदेशी असली पाहिजेत, हा समज सोडून द्यावा. हुगळीकाठच्या बांदेल येथे पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेले एक लहान, चपटे, खारट चीज कोलकात्यात मिळते. ते साधे व धुरी दिलेले अशा दोन प्रकारचे असते आणि खाण्यापूर्वी पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा उतरवावा लागतो. जम्मूच्या डोंगरातील पशुपालकांची कलारी तव्यावर भाजून गरम खातात. ती थंड तबकात शोभत नाही. दार्जिलिंग व सिक्कीमकडील छुर्पी इतकी कठीण असते की ती चघळत बसावी लागते, म्हणून पाहुण्यांपुढे तीही नको. सुरतेच्या पारशी घरांतील टोपलीचे पनीर फार नाजूक असते. लहान टोपल्यांत बसविलेले हे पनीर आपल्याच निवळीत तरंगत ठेवतात. पण परंपरेने ते प्राणिज रेनेटने होत आले आहे. भारतीय म्हणजे शाकाहारी, असे समीकरण येथे लागू पडत नाही हे ध्यानात ठेवावे.

सहज मिळणाऱ्या कारखानी चीजविषयीही थोडे सांगावयास हवे. आपल्या देशात म्हशीचे दूध विपुल आहे, पण चीजचे शास्त्र गाईच्या दुधावर वाढले. म्हशीच्या दुधात केसिन व कॅल्शियम अधिक असते. ते लवकर व घट्ट साकळते, त्याचे चीज कोरडे होते आणि मुरताना त्याला चव उशिरा येते. १९५५ साली आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना सुरू झाला. त्यामागे हरिचंद मेघा दलाया या अभियंत्याचे परिश्रम होते. त्यानंतर काही वर्षांत म्हशीच्या दुधाचे चीजही तेथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. डब्यातील हे चीज सौम्य व सर्वत्र एकसारखे असते. अरसिक म्हणून त्याची थट्टा केली जाते, पण ज्याने आयुष्यात प्रथमच चीज चाखावयाचे आहे त्याच्यासाठी त्याहून बरे काही नाही. त्याच्या जोडीला थोडे मुरलेले चेडर जातीचे एक चीज पुरेसे आहे. चारपाच प्रकार मांडून ठेवण्यात श्रीमंतीचे प्रदर्शन होते, पाहुण्याचे समाधान होत नाही.

तबकाचा मुख्य आधार मात्र घरचे पनीर असावे, असे आमचे मत आहे. त्याचे पहिले कारण म्हणजे ते कशाचे आहे हे यजमान छातीठोकपणे सांगू शकतो. दिवाळीच्या दिवसांत खवा व पनीर यांची मागणी एकदम वाढते आणि भेसळही वाढते. कधी पिठुळ पदार्थ मिसळतात, कधी दुधातील स्निग्धांश काढून वनस्पती तेल घालतात. विकतच्या पनीराचा तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडिनच्या अर्काचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिठूळ पदार्थ आहे. तेलाची भेसळ मात्र अशा चाचणीने कळत नाही, त्यास प्रयोगशाळाच हवी. नियमाप्रमाणे पनीरात ओलावा ६० टक्क्यांहून अधिक नसावा आणि कोरड्या अंशात दुधाचा स्निग्धांश निदान ५० टक्के असावा. राजस्थानात ‘सरस’ या नावाने सहकारी संघांचे दूध मिळते. १९७७ साली स्थापन झालेल्या राज्य सहकारी दुग्ध महासंघाचे हे नाव आहे. तेथील मलईयुक्त दूध किंवा भरवशाच्या गवळ्याचे म्हशीचे दूध घ्यावे.

बारा पाहुण्यांसाठी ३ लिटर दूध पुरते. त्यापासून सुमारे ६०० ग्रॅम पनीर मिळते. दूध उकळून खाली उतरवावे व ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्यावे. ६ ग्रॅम सायट्रिक आम्ल ६०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ते हळूहळू, दूध सावकाश ढवळीत घालावे. निवळ हिरवट व स्वच्छ दिसू लागताच आम्ल घालणे थांबवावे, मग द्रावण उरले तरी चालेल. घाईने सर्व ओतले की पनीर रबरासारखे व आंबट होते. दोन-चार मिनिटांनी फडक्यात गाळून, वर वजन ठेवून वीस मिनिटे दाबावे व नंतर थंडगार पाण्यात दोन तास ठेवावे. असे पनीर बेचव लागते ही तक्रार खरी आहे. म्हणून वडी दाबण्यापूर्वीच तिच्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची भरड व मिरे घालावेत. एक भाग साधाच ठेवावा. हे काम पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी करावयाचे. बाहेर ठेवलेले पनीर दुसऱ्या दिवसावर जात नाही.

फळांच्या बाबतीत युरोपचे अनुकरण फारच फसवे ठरते. तेथील शरद हा द्राक्षांचा हंगाम आहे. आपल्याकडे नाशिकची द्राक्षे जानेवारीनंतर येतात, त्यामुळे दिवाळीत मिळणारी द्राक्षे प्रायः शीतगृहातील किंवा आयात केलेली असतात. ती वगळावीत. बोरेही पौष-माघातली. जयपूरच्या घाऊक बाजारात, म्हणजे मुहाना मंडीत, या सुमारास हिमाचल व काश्मीरची सफरचंदे आणि नासपती भरपूर येतात. चीजला या दोहोंची उत्तम साथ मिळते, कारण त्यांचा कुरकुरीतपणा व हलका आंबटपणा स्निग्धतेला तोडतो. शिंगाडे ताजे असतात. हिरव्या सालीचे, सोलून पांढरे शुभ्र दिसणारे शिंगाडे साध्या पनीराशेजारी ठेवून पाहावेत. चव सौम्य, पण दाताखाली सुखावणारी. डाळिंबाचे दाणे वाटीत द्यावेत, पनीरावर उधळू नयेत, कारण रस सुटून ते डागाळते.

सीताफळाविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. दक्षिण राजस्थानात, उदयपूर, राजसमंद व चित्तोडगडकडील अरवलीच्या डोंगरांत ते आपल्या सासवडच्या परिसराप्रमाणेच विपुल होते. (दिल्लीकडे ‘सीताफल’ मागितले तर भोपळा हाती येतो, तेथे ‘शरीफा’ म्हणावे.) शरदाचे हे खास फळ तबकात असावे असे कोणालाही वाटेल. पण त्याचा गोडवा खारट चीजशी जुळत नाही, आणि पाहुण्याला चारचौघांत बिया काढीत बसणे संकोचाचे होते. घरी गर काढून, बिया वेचून, थोड्या ताज्या छेन्यात कालवून तो लहान वाट्यांतून शेवटी द्यावा. असा छेना बासुंदीहून हलका लागतो.

पेरूची गोष्ट याच्या उलट आहे. सवाई माधोपूरचे पेरू जयपुरात दिवाळीनंतर दिसू लागतात. पेरू आणि खारट चीज ही जोडी ब्राझीलमध्ये इतकी लोकप्रिय आहे की तिला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. पोर्तुगीज लोक बिही या फळाची घट्ट वडी करीत व चीजबरोबर खात. ब्राझीलमध्ये बिहीच्या जागी पेरू आला. गोव्यातही तोच बदल झाला आणि ख्रिस्ती घरांतील नाताळाची ‘पेराद’ जन्मास आली. इंग्रजीत या वडीला ‘पेरूचे चीज’ असे चमत्कारिक नाव आहे. तिच्यात दुधाचा थेंबही नसतो, साखर आणि पेरूचा गर एवढाच ऐवज. आपल्याकडील वाचकांना ती पणजी-मडगावच्या बेकऱ्यांत सहज मिळेल. जयपुरात तिच्या जागी आवळ्याचा मुरंबा घ्यावा. मुरलेल्या चेडरच्या पातळ कापावर मुरंब्याची एक फोड ठेवली म्हणजे पोर्तुगीजांनी साधलेला खारट-गोड मेळ येथेही साधतो, शिवाय वर आवळ्याचा तुरटपणा मिळतो. आमच्या मते या तबकातील सर्वांत चांगला घास हाच.

बिस्किटांऐवजी मठरी व खाखरा असावा. अक्रोड, पिस्ते, बदाम वेगळ्या वाटीत ठेवावेत, कारण काहींना त्यांचे वावडे असते.

मांडणीसाठी जयपूरची निळी चिनी माती मोह घालते. कृपालसिंह शेखावत यांनी पुनरुज्जीवित केलेली ही कला पाहावयास मनोहर आहे, परंतु तिच्या पारंपरिक काचलेपात शिशाचे संयुग वापरले जात आले आहे. आंबट फळ किंवा मुरंबा अशा बशीत ठेवू नये. तिच्यात दिवा किंवा फुले ठेवावीत. कल्हई नसलेले पितळेचे तबकही आंबट पदार्थांना वर्ज्य. स्टीलचे मोठे ताट घेऊन त्यावर पळसाच्या पानांची पत्रावळ अंथरली तर तबक सुंदर दिसते. साधे पनीर व फळे एका ताटात, रेनेटची चीजे दुसऱ्यात, आणि प्रत्येकाची सुरी वेगळी. हे अत्यंत आवश्यक आहे, कारण एकच सुरी इकडून तिकडे फिरली की वर केलेला सर्व विचार वाया जातो. प्रत्येक पदार्थापुढे लहान चिठ्ठी लावावी व तिच्यावर तो कशाचा आहे, रेनेट कोणते, आज केला की विकत आणला, हे लिहावे. काही यजमानांना हे दुकानासारखे वाटते. पण विचारण्याचा संकोच पाहुण्याला होतो, सांगण्याचा यजमानाला होऊ नये.

चीज फार थंड असता त्याला चव नसते, म्हणून युरोपात ते तासभर आधी बाहेर काढतात. जयपुरात ऑक्टोबरच्या दुपारी पारा तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत जातो. तेथे वीस मिनिटे पुरेत, नाहीतर चीज घाम सोडते व कडा पिवळ्या पडतात. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र अर्धा-पाऊण तास हरकत नाही. दोन तासांहून अधिक वेळ कोणतेही ताट बाहेर ठेवू नये. दिवसभर पाहुणे येणार असल्यास सर्व एकदम न मांडता थोडे थोडे काढावे. सफरचंद व नासपती यांच्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढल्या तर काळ्या पडत नाहीत. माणशी ७० ते ८० ग्रॅम चीज व पनीर मिळून धरावे, म्हणजे बारा जणांसाठी ६०० ग्रॅम पनीराला ३०० ग्रॅम चीजची जोड पुरे होते. घरात गर्भवती स्त्री पाहुणी असेल तर कच्च्या दुधाची मऊ चीजे तिला देऊ नयेत, त्यांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूचा धोका असतो. उकळलेल्या दुधाचे त्याच दिवशीचे पनीर तिला चालते.

पनीर करताना उरलेली निवळ, ३ लिटर दुधामागे दोन लिटरांहून अधिक निघते. ती टाकू नये. तिच्यात पुऱ्यांची कणीक मळावी किंवा अन्नकूटाच्या कढीत ताकाबरोबर घालावी.